पडवीतली आवराआवर

तांदळाच्या डब्यात मापटं घातलं, तर तळाशी काहीतरी खट्‌ वाजलं. हात घालून बाहेर काढलं. अण्णांची कोरकामाची गोल पटाशी निघाली. मूठ वापरून गुळगुळीत झालेली, पात्याला तेल लावलेलं आणि तेलाला तांदळाचे दाणे चिकटलेले.

"अण्णा, ही इथं कशी?" मी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

पडवीत अण्णा पालखीच्या कठड्यावर वाकून मोराचं पीस कोरत होते. त्यांनी मान वर करून माझ्या हाताकडं बघितलं.

"असू दे तिथंच," ते म्हणाले. "लागली की घेतो मी."

"तांदळात?"

"व्हय. आणि झाकण नीट लाव. मुंग्या जात्यात."

ते पुन्हा कठड्यावर वाकले. मी ती पटाशी हातात धरून तशीच उभी राहिले. मग दुसरं काही सुचेना म्हणून परत तांदळात ठेवली.

याला आता बरीच वर्षं झाली. मी त्या दिवशी दुपारीच सांगलीहून माहेरी, आजऱ्याला आले होते. आधीच्या खेपेला येऊन वर्ष उलटलं होतं. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, त्या अंथरुणाला खिळल्या आणि मला घर सोडता येईना. शेवटी नणंद थोडे दिवस राहायला आली तेव्हा मी एसटी धरली. मधल्या काळात फोन व्हायचा. अण्णाच उचलायचे. "बरं हाय सगळं. तुझी आई जरा विसराळू झालीया, एवढंच. तू तुझ्या सासूचं बघ," म्हणायचे आणि आईच्या कानाला फोन लावायचे. आई विचारायची, "जेवलीस का?" मी म्हणायचे, "जेवले." तेवढ्यावर आमचं भागायचं.

पण आठवड्यापूर्वी धाकट्या भावाचा, निवासचा, पुण्याहून फोन आला होता. त्याला गावातल्या कुण्या मित्रानं सांगितलं होतं, की केरबा सुतारांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, पालखीचं काम घेतलंय खरं, पण म्हातारा हत्यारं शोधत घरभर फिरतो, पडवीत पाय ठेवायला जागा नाही. "ताई, अण्णांचं काहीतरी बिनसलंय," निवास म्हणाला. "तू जाऊन बघ. मला कळव."

मी बघत होते ते भलतंच होतं. काटकोन मापायचा गुण्या कोंबड्यांच्या खुराड्यावर. ठोकायची मोठी लाकडी मोगरी देवघरात, समईच्या शेजारी. कानशी पाण्याच्या रिकाम्या कळशीत उभ्या केलेल्या. बारीक पटाश्या चोळीच्या जुन्या खणांत एकेक करून गुंडाळून भाकरीच्या बुट्टीत निजवलेल्या. आणि भिंतीवरची फळी रिकामी.

त्या फळीबद्दल सांगायला पाहिजे. आमच्या पडवीची शिस्त गावात सगळ्यांना ठाऊक होती. अण्णा देवळांचे दरवाजे, देव्हारे, पालख्या कोरायचे. त्यांनी भिंतीवर एक लांबलचक फळी ठोकली होती, काळ्या रंगानं रंगवलेली. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली होती. पटाश्यांची ओळ रुंदीपासून अगदी नखाएवढ्या पात्यापर्यंत, मग मोगऱ्या, कानशी, गुण्या, करवती. हत्यार कामावर असलं, की त्याची नुसती पांढरी रेघ दिसायची. दिवेलागणीला एकही आकृती मोकळी राहता कामा नये, हा अण्णांचा दंडक.

दंडक अण्णांचा आणि पाळायची आई. अण्णा कोरून उठले, की आई पदर खोचून कुंचा घेऊन पडवीत शिरायची. ढलप्या एका पोत्यात, बारीक भुसा दुसऱ्या पोत्यात. प्रत्येक पातं तेलाच्या फडक्यानं पुसून ज्याच्या त्याच्या आकृतीत अडकवायची. सगळं झालं, की दोन पावलं मागं सरून फळीकडं एकदा बघायची आणि मगच चुलीपाशी यायची. लग्न होऊन आली तेव्हापासून हे काम तिचं. आम्हा पोरांना त्या फळीला हात लावायची मुभा नव्हती. एकदा निवासनं बारीक पटाशीनं नारळ सोलला, तेव्हा अण्णा हसले होते. आईच त्याच्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

आता त्या पांढऱ्या आकृत्या नुसत्याच भिंतीवर होत्या. अण्णा मात्र कोरत होते. मधेच उठायचे, देवघरात जाऊन मोगरी आणायचे, काम झालं की परत समईशेजारी ठेवून यायचे. चेहऱ्यावर वैताग नाही, चिडचिड नाही. ते बघून मला जास्त भीती वाटली. एवढा शिस्तीचा माणूस आणि त्याला हे खुपतही नाही?

आई पाटावर बसून लसूण सोलत होती. वाळली होती, पण लुगडं स्वच्छ, कपाळाला कुंकू, केस चापूनचोपून बसवलेले. अंबाडा तेवढा एका बाजूला कललेला. मी आले तेव्हा तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला होता.

"जेवलीस का?" तिनं आत्ताही विचारलं.

"भात होतोय आई. बरोबरच बसू."

"बरं," आई म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "जेवलीस का?"

"जेवंल ती, हौसा," अण्णा पडवीतून म्हणाले. "तू लसूण सोल."

मी चमकले. अण्णांनी आईला नावानं हाक मारलेली मी जन्मात ऐकली नव्हती. 'अगं ए', नाहीतर 'शालनची आई'. शालन म्हणजे मी. म्हातारपणी माणूस बदलतो, असं मनाशी म्हटलं आणि भाताखालचा जाळ कमी केला.

संध्याकाळी, अण्णांच्या कानावर जाऊ नये म्हणून, मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन निवासला फोन केला.

"तुझा मित्र म्हणाला ते खरं आहे," मी सांगितलं. "हत्यारं कुठल्या कुठं ठेवतात. पटाशी तांदळात, मोगरी देवात. आणि वर म्हणतात, असू दे. डोकं ठिकाणावर नाही रे त्यांचं."



"मग आता काम बंद," निवास म्हणाला. "एखाद्या दिवशी हात कापून घेतील. मी रविवारी गाडी घेऊन येतो. दोघांनाही इकडं घेऊन येतो. तू तोवर सगळी हत्यारं एका जागी गोळा करून ठेव. त्यांना आत्ताच काही बोलू नकोस."

"आई येईल?"

"अण्णा आले की येईल. आई कुठं त्यांना सोडून राहणार आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या गावचे पुजारी जीप घेऊन आले. पालखीचा दांडा जुनाच ठेवायचा होता, त्याचं माप घ्यायला अण्णांना देवळात न्यायचं होतं. अण्णा उंबऱ्यात घुटमळले. एकदा आईकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"तू हायस म्हणून जातो," ते म्हणाले. "किती दिवस झाले, त्यांना आज येतो, उद्या येतो म्हणून टोलवतोय. तिला एकटीला सोडू नको."

"मी कुठं जाते?"

"न्हाई, तरी सांगून ठेवतो."

दुपारी आई जेवून माजघरात आडवी झाली. तिचा डोळा लागला तसा मी पदर खोचला.

हत्यारं गोळा करायला सुरुवात केली ती निवासनं सांगितलं म्हणून. पण हातात पहिली पटाशी आली आणि नजर भिंतीवर गेली. फळीवर तिची आकृती वाट बघत असल्यासारखी दिसली. मी ती तिथं अडकवली. मग दुसरी. मग मला थांबवेनाच. भाकरीच्या बुट्टीतल्या बारीक पटाश्या खणांतून सोडवल्या, पुसल्या, ओळीनं लावल्या. कळशीतल्या कानशी काढल्या. देवघरातून मोगरी आणली. धार लावायचा कुरुंदाचा दगड आईच्या लुगड्यांच्या ट्रंकेत सापडला, तो कसा सापडला ते माझं मलाच ठाऊक. ढलप्यांचे ढीग पोत्यांत भरले, जमीन झाडली, फडक्यानं पुसली. कठड्यावरचा भुसा फुंकून काढला, तेव्हा खाली मोराचा सगळा पिसारा उघडा झाला. प्रत्येक पिसाची शीर वेगळी. एकही घाव वाकडा गेलेला नव्हता. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याचा हात इतका कसा स्थिर, असं क्षणभर मनात आलं खरं. पण तेव्हा मी फळी बघून इतकी हरखले होते, की तो विचार तिथंच राहिला.

अण्णा आले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. ते पडवीच्या पायरीवर थबकले. चप्पल काढायचं विसरून तसेच आत आले. फळीसमोर उभे राहिले. एका पटाशीवर बोट टेकवलं आणि ओळीच्या टोकापर्यंत फिरवत नेलं.

"किती दिवसांनी बघतोय हे," ते म्हणाले.

"बरं वाटलं ना?"

"लई बरं वाटलं, बाळ." मग त्यांनी विचारलं, "तिनं बघितलं काय?"

"आई झोपली होती. उठल्यावर आम्ही परसात बसलो होतो, शेंगा फोडत."

अण्णांनी मान हलवली. स्टूल ओढून फळीकडं तोंड करून बसले. मी दोनदा चहाला हाक मारली, तरी उठले नाहीत.

सकाळी मी चुलीवर आधण ठेवलं होतं. माजघरातून आवाज येत होता म्हणून वाकून बघितलं. आई पाटावर बसली होती आणि अण्णा मागं बसून तिचा अंबाडा घालत होते. एवढी नाजूक वेलबुट्टी कोरणारी बोटं, पण केस काही केल्या मधोमध बसत नव्हते. आकडा एकदा घातला, काढला, पुन्हा घातला.

मी मागं सरले.

मग आई उठली. पदर खोचला, दारामागचा कुंचा घेतला आणि पडवीत गेली. स्वयंपाकघराच्या दारातून मला ती पाठमोरी दिसत होती. आत गेली आणि थांबली. फळीकडं बघितलं. जमिनीकडं बघितलं. एका पटाशीला हात लावला आणि परक्याच्या वस्तूला हात लागावा तसा चटकन मागं घेतला. कुंचा हातातच होता. झाडायला काही नव्हतं.

अण्णा तिच्या मागोमाग आले होते.

"झालं सगळं?" आईनं त्यांना विचारलं.



"झालं की," आईनंच उत्तर दिलं. तिनं कुंचा भिंतीला टेकवून ठेवला, अगदी हळू. "मग निघते मी. घरी वाट बघत असतील."

ती माजघरात गेली. दांडीवरचं एक लुगडं घेतलं, त्याची घडी केली, काखेत धरलं आणि पुढच्या दारानं पायऱ्या उतरायला लागली. मी धावत गेले.

"आई, कुठं निघालीस?"

ती वळली. माझ्याकडं बघून हसली. पाहुण्यांकडं बघून हसतात तसं.

"उत्तूरला," ती म्हणाली. उत्तूर तिचं माहेर. तिथं तिचं कुणी उरलेलं नव्हतं. "इथलं काम झालं माझं. आता कशाला राहायचं? तुम्ही बसा हं बाई. चहा घेऊन जावा."

तुम्ही. बाई.

परवा आल्यापासून तिनं मला एकदाही शालन म्हटलेलं नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. फोनवरसुद्धा कधीपासून म्हटलेलं नव्हतं.

अण्णा माझ्या बाजूनं पायऱ्या उतरून गेले. अनवाणी. त्यांनी तिला धरलं नाही, अडवलं नाही. नुसते तिच्या बरोबरीनं चालायला लागले.

"हौसा," ते म्हणाले, "काम राहिलंय अजून."

"न्हाई. बघितलं मी."

"एकदा येऊन तर बघ. मग जा."

"सगळं जागच्या जागी हाय. कुणीतरी केलंय." तिनं लुगडं काखेत आणखी घट्ट धरलं. "मला सांगितलं असतं तर मी केलं असतं. माझं काय चुकलं?"

"काही न्हाई चुकलं तुझं. तू थांब हितं. ह्या दगडावर बस. मी हाक मारतो." त्यांनी तिला अंगणातल्या धुण्याच्या दगडावर बसवलं आणि मला म्हणाले, "तिच्याजवळ थांब."

आणि ते धावले. तोवर मी त्यांना कधी धावताना बघितलं नव्हतं. पडवीतून आवाज यायला लागले. लोखंडावर लोखंड, लाकडावर लाकूड. मी दगडाशेजारी उभी होते. आई लुगड्याची घडी मांडीवर ठेवून ती पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

"हौसा!" आतून हाक आली. "ये गं!"

आम्ही आत गेलो. फळी रिकामी होती. सगळी हत्यारं जमिनीवर, मी भरून ठेवलेली ढलप्यांची पोती उपडी केलेली, भुसा गुडघ्याएवढा. त्या सगळ्याच्या मधोमध अण्णा उभे होते, धापा टाकत. केसांत ढलप्या.

आईनं डोळे विस्फारले.

"अगोबाई! हा काय पसारा?"

"व्हय की," अण्णा म्हणाले.

"कुणी केला?"

"मीच केला. दुसरं कोण करणार?"

"तुम्हाला सांगून सांगून कटाळले मी," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. काखेतलं लुगडं तिनं माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि खाली बसली. पहिली गोल पटाशी उचलली, फडक्यानं पुसली, पात्यावरून अंगठा फिरवला.

"गार पडलीया," ती पुटपुटली आणि स्वयंपाकघरात गेली. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

मी अण्णांकडं बघितलं. ते खांबाला टेकून खाली बसले होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दीड वर्ष झालं असंल. गडहिंग्लजच्या डॉक्टरला दाखवलं. म्हणाला, हे वाढत जाणार. औषध हाय, पण थोपवून धरण्यापुरतं."

"आणि आम्हाला सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असता, तिला घेऊन गेला असता." त्यांनी केसांतली एक ढलपी काढून टाकली. "आधी भाजीत मीठ विसरायला लागली. मग चूल. मग चुलीपाशी सोडणंच बंद केलं. कपडे धुणं सुटलं, पोथी वाचणं सुटलं. हे एक राहिलं. रोज सकाळी उठती, कुंचा घेती आणि हितं येती. हितं आली की तिला कळतं, आपण कोण हाय ते."

"पण हत्यारं भलतीकडं..."

"आधी मीबी चिडलो. रोज नवी जागा, रोज शोधाशोध. एकदा ओरडलो तिच्यावर, लई ओरडलो. तर दोन दिवस पडवीत आलीच न्हाई. नुसती भिंतीकडं तोंड करून बसली. जेवण न्हाई, बोलणं न्हाई. तेव्हा मी म्हटलं, जाऊ दे. लाकूड काय, थांबंल. मग मी तिच्या मागनं फिरायला लागलो, कुठं काय ठेवती बघायला. हळूहळू जागा ठरल्या तिच्या. आता बदलत न्हाई. मला सगळ्या पाठ हायत."

आई परत आली होती. बारीक पटाश्या एकेक करून खणांत गुंडाळत होती.

"काल एका शब्दानं सांगितलं असतं तर मी सगळं होतं तसं परत ठेवलं असतं," मी म्हटलं. "तुम्ही कालच का नाही बोललात?"

अण्णांनी रिकाम्या फळीकडं बघितलं.

"मलाबी वाटलं," ते म्हणाले, "एक रात्र असू दे."

मी उठले आणि आईशेजारी जाऊन बसले. एक पटाशी उचलली, फडक्यानं पुसली.

"ही कुठं ठेवू?" मी विचारलं.

आईनं माझ्याकडं बघितलं. पटाशीकडं बघितलं.

"ती बारकी हाय. एकटी ठेवायची न्हाई, घाबरती. ह्यांच्यात घाल." तिनं बुट्टी पुढं सरकवली. "अशी न्हाई. पातं आत, मूठ भायेर. हां."

"आणि ही मोगरी?"

"देवापाशी. दिवसभर मार खाती ती. तिला जरा बसू दे."

सगळी पडवी लागेपर्यंत ती मला सांगत राहिली आणि मी ठेवत राहिले. लहानपणी जे कधी करू दिलं नव्हतं ते आता ती मला शिकवत होती. मी दोनदा चुकले. दुसऱ्यांदा चुकले तेव्हा तिनं माझा हात धरून नीट जागेवर नेला.

"नवीन हायस," ती म्हणाली. "येईल हळूहळू."

मग ती उठली. दोन पावलं मागं सरली आणि पडवीकडं एकदा बघितलं. सगळीकडं. तिचं समाधान झालं.

मी निवासला फोन केला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन परत आले. दुकानात चार माणसं उभी असताना सांगायची ती गोष्ट नव्हती आणि कशी सांगायची तेही मला कळत नव्हतं. सांगलीला मात्र नवऱ्याला कळवलं, की मी आणखी थोडे दिवस राहते. रोज सकाळी मी आईबरोबर पडवीत जायला लागले. अण्णा मुद्दाम भरपूर पसारा करायचे. गरज नसताना चार पटाश्या जास्त काढायचे.

आई पुढं आणखी काही वर्षं होती. ती त्याच घरातून गेली आणि अण्णांनीही शेवटपर्यंत तेच घर धरून ठेवलं. त्यांना तिथून कुणी हलवलं नाही. मी महिन्यातून एकदा जायचे, निवास सुट्टी जोडून यायचा. एका शेजारणीला मदतीला ठेवलं. पण हे सगळं ठरलं ते त्या रविवारी. कुणी बसून ठरवलं असंही नाही.

निवास आला तेव्हा आम्ही तिघंही पडवीत होतो. दारात गाडी थांबली. तो उतरला, मागचं दार उघडून खोक्यांची चवड बाहेर काढली आणि ती छातीशी धरून पायऱ्या चढला. मी पुढं झाले.

"चपला बाहेर काढ," मी म्हटलं. "आणि खोकी बाहेरच ठेव."

"ताई, तू अजून काहीच गोळा केलं नाहीस?" त्यानं माझ्या खांद्यावरून आत बघितलं. "हे तर..."

"आधी आईला भेट."

त्यानं खोकी खाली ठेवली. आत आला. आई भुसा भरत होती. अण्णा कठड्यावर शेवटचा हात फिरवत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"आई," निवास तिच्यासमोर उकिडवा बसला. "मी आलो. निवास."

आईनं त्याच्याकडं बघितलं. केसांपासून पायांपर्यंत. त्याचा इस्त्रीचा शर्ट, मनगटावरचं घड्याळ.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "आज काम लई हाय. हिला एकटीला झेपत न्हाई, नवीन हाय ती."

निवासनं माझ्याकडं बघितलं. मी नुसती मान हलवली.

आईनं तिच्या हातातलं तेलाचं फडकं त्याच्यापुढं धरलं. तो घ्यायला गेला तसं पुन्हा मागं घेतलं.

"आधी हात धुऊन ये," ती म्हणाली. "मळक्या हातानं हत्याराला शिवायचं न्हाई हितं."

"जा," मी म्हटलं. "धुऊन ये."

तो उठला आणि परसात गेला. नळ सोडल्याचा आवाज आला. येतच राहिला.

आईनं भुसा भरायचं थांबवून कान दिला.

"पाणी सांडायलाय बघा तो," ती म्हणाली.

"सांडू दे, हौसा," अण्णा म्हणाले. "येईल आता."